पंचवटीने जा, पंचवटीने या: नाशिककरांची एका दिवसाची मुंबई

बरेच नाशिककर सांगतात की मुंबई आपल्याला पाठ आहे, आणि नीट खोदून विचारलं की कळतं पाठ आहे ती फक्त कामाची मुंबई, म्हणजे केईएमचा केसपेपर, मंत्रालयाच्या गेटवरचा पास, बीकेसीतली व्हिसाची रांग, झालं की धावतपळत स्टेशन. राजधानी म्हणून जे बघायचं ते शाळेच्या सहलीत बसच्या खिडकीतून बघितलेलं असतं आणि तेव्हा सगळं लक्ष डब्यातल्या खाऊवर. तर हे त्यांच्यासाठी, आणि सातपूर-अंबडला नोकरीला किंवा इथे कॉलेजला नव्याने आलेल्यांसाठीही, ज्यांच्याकडे एक सुट्टी मोकळी आहे नि खिशाला फार चाट नकोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एका दिवसात अख्खी मुंबई होत नाही. सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, राणीची बाग, गेटवे असं सगळं कोंबणारे लोक दिवसभर टॅक्सीत बसतात आणि ट्रॅफिक बघून घरी येतात. त्यापेक्षा सीएसएमटी ते गेटवे हा अडीचेक किलोमीटरचा पट्टा धरा, तो पायी करा, मग थोडंसं चर्चगेटकडे वळा, बस. यादी जेवढी कापाल तेवढं जास्त बघून होईल, हे माझं ठाम मत आहे आणि घरच्यांशी यावरून भांडणं झालेली आहेत.

दिवस कुठला धरायचा

रविवार बेस्ट. फोर्टातली ऑफिसं बंद असतात, फुटपाथ मोकळे असतात आणि मान वर करून इमारती बघता येतात, कुणी धक्का मारून जात नाही. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो पण या प्लॅनमध्ये लोकल लागतच नाही. मधल्या वारी गेलात तर गर्दी असते पण मुंबई मुंबईसारखी वाटते, ज्याची त्याची आवड. सोमवारी एलिफंटा बंद, बुधवारी राणीची बाग बंद, एवढं लक्षात असू द्या, बोटीपर्यंत जाऊन परत येणारे दर सोमवारी असतातच.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जाऊ नका, आपल्याला कोरड्या उन्हाची सवय, तिथे सावलीत उभं राहूनही घाम थांबत नाही. जुलैत घाट बघायला जीव जातो इतका सुंदर असतो पण गाड्या कधी थांबतील सांगता येत नाही आणि समुद्र खवळला की एलिफंट्याच्या बोटीही बंद.

गाडी

पंचवटी एक्सप्रेस. १९७५ पासून चालूये, मनमाडहून निघते, नाशिकरोडला सकाळी सातच्या आसपास येते आणि पावणेअकराच्या सुमाराला सीएसएमटीला टेकवते, परतीला तिथून संध्याकाळी सव्वासहाच्या दरम्यान सुटते. वेळा अधूनमधून पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, तेव्हा आदल्या रात्री ॲपवर बघून घ्या. रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, शनिवार-रविवारचं लवकर संपतं, त्यामुळे जाण्याचं आणि येण्याचं एकदमच काढा, जाण्याचं मिळालं म्हणून खुश होऊन परतीचं विसरणारे फार. सेकंड सीटिंग पुरतं, उन्हाळा असेल तरच एसी चेअर कार घ्या.

नवख्यांनी एक सांभाळायचं, पंचवटीत पासवाल्यांचे डबे ठरलेले आहेत. ही मंडळी वर्षानुवर्षं रोज येऊन-जाऊन करतात, त्यांच्या जागा, त्यांचे ग्रुप, त्यांचे वाढदिवस सगळं त्या डब्यात. चुकून चढलात तर कोणी मारणार नाही पण बसायलाही मिळणार नाही, आणि वाद घातलात तर अख्खा डबा एका बाजूला. आपला डबा नंबर बघून फलाटावर त्या जागी आधीच उभे रहा.

इगतपुरीला वडेवाले येतात, तिथे खाऊन घ्या. नंतर कसारा घाट, बोगदे, आणि मोबाईल खाली ठेवायची दहा-पंधरा मिनिटं. वंदे भारतचा मोह होईल, पण ती आपल्याकडून मुंबईला पोचेपर्यंत दुपार कलते, दिवसभर फिरायला तिचा उपयोग नाही. समृद्धीमुळे गाडीने जाणंही सोपं झालंय, जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे टप्पा चालू झाल्यावर कसारा घाट टाळता येतो, पण आमणेच्या पुढे भिवंडी आणि ठाणे आहेतच, आणि फोर्टात पार्किंग शोधण्यात जो वेळ जातो त्यात एक म्युझियम बघून होतं.

उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळ्यांचं चुकतं. पंचवटी लांब पल्ल्याच्या फलाटांवर लागते, जो नवीन भाग आहे. गर्दी जिकडे जाते तिकडे गेलात की साध्या दारातून रस्त्यावर येता आणि ज्या इमारतीला युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारसा म्हटलं ती तुमच्या पाठीमागे राहून जाते. म्हणून फलाट संपला की लोकलच्या फलाटांच्या बाजूला चालत रहा, एक नंबरच्या दिशेने, आणि जुन्या तिकीट हॉलमध्ये शिरा. लोकल तिकिटाच्या रांगा जिथे लागतात तोच. तिथे मान वर करा. निळं छत, त्यावर सोनेरी चांदण्या, दगडी कमानी, गुळगुळीत खांब, आणि खाली लोक बदलापूरचं रिटर्न काढताहेत. खांबांच्या वरच्या टोकांना पानंफुलं, आणि बाहेर पडून भिंती बघितल्या तर मोर, माकडं, सरडे, काय काय कोरलंय, हे काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. पोरं बरोबर असतील तर त्यांना सांगा दहा प्राणी शोधून दाखवा, अर्धा तास शांतता.

मग रस्ता ओलांडून (सबवेने, वरून नाही) महापालिकेच्या बाजूला या आणि आता पूर्ण इमारत बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने डिझाईन केलेली, १८७८ ला काम सुरू, वापर १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. गेटच्या दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेत, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. तुमच्या पाठीशी उभी आहे ती महापालिकेची इमारतसुद्धा स्टीव्हन्सचीच, १८९३ ची, म्हणजे तुम्ही एकाच माणसाच्या दोन इमारतींच्या मधे उभे आहात आणि फोटो काढताय फक्त एकीचा.

सामान जास्त असेल तर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका, बॅगला कुलूप लागतं आणि ओळखपत्र लागतं. पण खरं तर एक पाण्याची बाटली, टोपी आणि पॉवरबँक यापलीकडे काही नेऊच नका. वॉशरूमही इथेच उरकून घ्या, पुढचं भरवशाचं म्युझियममध्ये.

फोर्टातून खाली खाली

दादाभाई नौरोजी रोडने सरळ चाला, कमानीखालच्या फुटपाथने, ऊन लागत नाही. भूक असेल तर सीएसएमटीसमोरच आरामचा वडापाव आहे किंवा कॅननची पावभाजी, दोन्ही उभ्याने खायचे प्रकार. फक्त मिसळ मागवू नका कुठे, नाशिकच्या माणसाने मुंबईत मिसळ खाऊन नुसता मनस्ताप होतो.

पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, शेजारी हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार, ते संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. आपण इतकं सहज म्हणतो ना मुंबई आपली राजधानी, ते या चौकामुळे. लोक फाउंटनचा फोटो काढतात आणि स्मारकाजवळ दोन मिनिटंही थांबत नाहीत, तुम्ही थांबा, नावं वाचा.

इथून डावीकडे हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या. ही इमारत म्हणजे १८३३ चा टाऊन हॉल, पांढरे भलेथोरले खांब, पायऱ्यांवर कोणी ना कोणी बसलेलंच असतं, तुम्हीही बसा. वाटेत सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं, १७१८ चं, चर्चगेट हे नाव ज्या चर्चमुळे पडलं ते हेच, पूर्वी किल्ल्याचा या चर्चकडे जाणारा दरवाजा होता म्हणून. किल्ला गेला, नाव राहिलं, आणि फोर्ट म्हणतात तेही त्याच किल्ल्यावरून.

पाय दुखत असतील तर हा डावीकडचा भाग सोडा आणि सरळ काळा घोड्याकडे चाला. तिथला मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा होता, १९६५ मध्ये तो भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला, आणि २०१७ ला नुसता घोडा बसवला, वर स्वार नाही. जहांगीर आर्ट गॅलरी इथेच, फुकट आहे, साधारण अकरानंतर उघडते, चित्रांतलं काही कळत नसलं तरी जा, कुणी परीक्षा घेत नाही. बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात.

दुपार म्युझियममध्ये काढा

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात. साधारण सव्वादहा ते सहा, रविवारीही चालू. ऊन चढलं की आत जा आणि कमीत कमी दोन तास द्या. जॉर्ज विटेटची इमारत, १९२२ पासून लोकांसाठी खुली, त्याआधी पहिल्या महायुद्धात इथे लष्करी हॉस्पिटल होतं. घुमट बघून विजापूरचा गोलघुमट आठवला तर बरोबर आठवला.

सगळी दालनं करायला जाऊ नका, डोकं बधिर होतं. खाली शिल्पांचं दालन, वर इराकमधल्या निमरूदहून आलेल्या प्राचीन अश्शूर लोकांच्या कोरीव शिळा, मग लघुचित्रं, आणि अकबराचं चिलखत. टाटा कुटुंबाने दिलेला संग्रहही मोठा आहे, पण ते चिनीमातीचं सामान बघताना माझा तरी धीर सुटतो. लहान मुलं असतील तर प्राणी-पक्ष्यांचा विभाग शेवटी ठेवा, आधी नेलंत तर ती तिथून हलत नाहीत.

गेटवे, आणि एलिफंटाचा प्रश्न

म्युझियमपासून गेटवे दहा मिनिटं. बॅगा तपासतात, रांग असते. पाचवा जॉर्ज १९११ ला आला तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता, खरी कमान पूर्ण झाली १९२४ ला, तीही विटेटचीच. आणि ज्या कमानीतून राज्य आलं म्हणतात तिथूनच फेब्रुवारी १९४८ मध्ये गोऱ्यांची शेवटची पलटण निघून गेली. दगड जवळून बघा, पिवळसर आहे पण बेसॉल्टच, आपल्या काळारामाचाही बेसॉल्ट, फक्त तो काळाकुट्ट. ताज हॉटेल १९०३ चं, म्हणजे गेटवेपेक्षा वयाने मोठं. समोर बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, २६ जानेवारी १९६१ पासून. गेटवेवर फोटोवाले मागे लागतात, काढायचा असेल तर किती प्रिंट किती रुपये हे आधी बोलून घ्या, नंतर बोललात तर ऐकायला वेगळंच मिळतं.

आता एलिफंटा. लोक विचारतात की त्याच दिवशी होईल का. होतं, पण मग बाकीचं सोडायचं. बोटीला जायला तासभर, यायला तासभर, वर पायऱ्या, लेणी नीट बघायला दीड तास, म्हणजे पंचवटीने उतरून थेट टॅक्सीने गेटवे गाठलंत तर चार-साडेचारपर्यंत परत, आणि मग स्टेशन. ज्याला लेण्यांची आवड आहे त्याने पहिल्याच खेपेला हेच करावं. आपण पांडवलेणी बघून वाढलेलो, ती बौद्ध, सातवाहन राजांचे शिलालेख असलेली, उजेडातली. एलिफंटाची शैव आहेत, साधारण सहाव्या शतकातली, आणि आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. घाई करू नका, पाच मिनिटं उभे रहा, मग समोरच्या अंधारातून ती तीन मुखांची वीसेक फुटी सदाशिवमूर्ती हळूहळू पुढे येते. डावीकडचं उग्र मुख, उजवीकडचं नाजूक, मधलं शांत, डोळे मिटलेले. गाईड ओरडत असतात, माकडं पिशव्या ओढतात, तरीही. (पिशवीत खायचं ठेवू नका.)

चार वाजता ओव्हलवर

गेटवेहून टॅक्सी करा, काळी-पिवळी, मीटरने येतात, किमान भाडं ३१ रुपये आहे, नाशिकच्या रिक्षाची सवय असणाऱ्यांना मीटर पडताना बघूनच भरून येतं. रिक्षा शोधू नका, वांद्रे-सायनच्या खाली रिक्षाला परवानगीच नाही. चौघं असाल तर टॅक्सी बसपेक्षा फार महाग पडत नाही.

ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभे रहा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, टोकदार, दगडी, १८७८ चा काळ. दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, फिक्या रंगाच्या १९३० च्या आसपासच्या आर्ट डेको बिल्डिंगी, टोकाला इरॉस थिएटर १९३८ चं. मधे पोरं क्रिकेट खेळताहेत, एकाच मैदानात आठ-दहा मॅच, कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर कळत नाही. या दोन रांगांना मिळून युनेस्कोने २०१८ ला वारसा म्हटलं. गाईड नको, तिकीट नको, पूर्ण ट्रिपमधली ही माझी सगळ्यात आवडती जागा.

हायकोर्टाची इमारत बाहेरूनच बघायची, पण आपल्या गावाचा एक धागा इथे आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तो खटला मुंबई हायकोर्टापुढे चालला आणि १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज सकाळी चकरा मारणाऱ्या किती जणांना मैदानाच्या नावातला कान्हेरे आठवतो देव जाणे. टिळकांचा १९०८ चा राजद्रोहाचा खटलाही याच कोर्टात.

मैदानातून बाहेर पडलात की दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसा, चहा प्या. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, म्हणजे सूर्यास्त आणि पंचवटी दोन्ही मिळत नाही. सूर्यास्त हवाच असेल तर परतीला पंचवटीऐवजी सीएसएमटीहून नंतर सुटणारी विदर्भ किंवा पंजाब मेल बघा, नाशिकरोडला थांबतात, पण रिझर्वेशन असल्याशिवाय त्या गर्दीत शिरू नका.

चर्चगेटहून सीएसएमटीला जायला आता मेट्रो तीन आहे, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत चालू झालीये. चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, दोनच स्टेशनं. तिकीट मोबाईलवर क्यूआर काढता येतं. पण जमिनीखाली उतरायला-चढायला वेळ जातो तो धरून पाच वाजताच मरीन ड्राइव्ह सोडा आणि पावणेसहाला फलाटावर असा. दादरहून पंचवटी पकडू म्हणाल तर पकडता येते, पण चढण्याची गर्दी बघितलीत की पुढच्या वेळी मुकाट सीएसएमटीला याल.

दुसऱ्या खेपेला

तेव्हा दादरला उतरा. चैत्यभूमी, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक, हे सगळं जवळजवळ आहे. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह ज्या गावात झाला तिथल्या माणसाने चैत्यभूमीला जायला हवं, आणि गर्दी झेपत नसेल तर ६ डिसेंबर सोडून जा, मग शांत असतं. दादरलाच फाळक्यांचं नाव दिलेला रस्ता आहे, त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसाने राजा हरिश्चंद्र इथेच काढला आणि ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला तो लोकांना दाखवला. मग गिरगावकडे सरका, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की जिथे उतरायचे ते मणिभवन, पुढे बाणगंगा, हँगिंग गार्डन. मलबार हिलवर झाडांमधून जाणारी लाकडी वाट झालीये, तिचं बुकिंग ऑनलाईन करूनच जा. मुलं पेंग्विनसाठी हट्ट करतील तर राणीची बाग, बुधवार सोडून.

आणि पंचवटी सुटलीच तर

घाबरून टॅक्सी करू नका भो, नाशिकचा भाव ऐकून रात्रीचं जेवण जाणार नाही. सीएसएमटीहूनच कसारा लोकल पकडा, मधे कुठूनही नाही, नाहीतर त्या वेळेला उभं रहायलाही जागा नसते. अडीच तासांत कसारा. तिथे स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर टॅक्सी लागलेल्या असतात, माणसं भरली की सुटतात आणि नाशिकच्या द्वारका चौकात सोडतात. फार उशीर झाला की टॅक्सी भरायला वेळ लागतो, तेव्हा लोकलमध्येच आजूबाजूला कोण नाशिकचं आहे ते विचारून चौघं-पाच जण जमवून ठेवा, उतरल्या उतरल्या गाडी मिळते.